वॉर्साची ‘पुनर्बांधणी’ पायी फेरी: घ्यावी, पण अर्ध्यावर सोडू नये

वॉर्साच्या जुन्या शहरात पायी फेऱ्या घडवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका छोट्या संस्थेची, केवळ युद्धोत्तर पुनर्बांधणीला वाहिलेली अडीच तासांची इंग्रजी फेरी आम्ही दोघांनी मे महिन्यात घेतली. जेवणाखाण्याच्या आणि भुताखेतांच्या फेऱ्यांपेक्षा ती महाग होती आणि तिथे सवलतही नव्हती, तरी पैसे वाया गेले असे आम्हाला वाटले नाही; तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच.

फेरीची सुरुवात राजवाड्यासमोरच्या चौकातून होते. मार्गदर्शक बाई वास्तुशास्त्र शिकलेल्या होत्या आणि त्यांनी राजा झिगमुंटच्या उंच स्तंभाकडे बोट दाखवण्याआधी आम्हाला राजवाड्याच्या भिंतीलगत आडव्या पडलेल्या जुन्या दगडी स्तंभांपाशी नेले. जर्मन सत्तेविरुद्ध झालेल्या 1944 च्या उठावात स्तंभ कोसळला, पुतळा मात्र दुरुस्त होण्याजोगा राहिला. 1949 मध्ये तोच पुतळा नव्या स्तंभावर चढवला गेला. पडलेल्या ग्रॅनाइटवर हात फिरवून मग वर पाहिले की जुने कोणते आणि नवे कोणते हा प्रश्न आपोआप पडतो, आणि पुढचे दोन तास बाई त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या. तारखांचा मारा न करता असे एकच सूत्र धरून चालणारा मार्गदर्शक क्वचित मिळतो.

पार्श्वभूमी त्यांनी थोडक्यात उरकली. 1 ऑगस्ट ते 2 ऑक्टोबर 1944 असा 63 दिवस चाललेला उठाव मोडून काढल्यावर जर्मनांनी उरलेसुरले शहर ठरवून, रस्त्यामागून रस्ता असे जाळले आणि सुरुंग लावून पाडले. जानेवारी 1945 मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटले आणि फेब्रुवारीत राजधानी पुनर्बांधणी कार्यालय स्थापन झाले. त्यात ऐतिहासिक वास्तूंचे काम वास्तुविशारद यान झाख्वातोविच यांच्याकडे होते. युद्धापूर्वी वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थी-शिक्षकांनी जुन्या घरांची मोजमापे घेऊन काढलेले आराखडे शहराबाहेर, पिओत्र्कुवच्या एका मठात लपवून ठेवले गेले होते, म्हणून ते वाचले. पर्यटकांना सांगितली जाणारी लाडकी गोष्ट अशी, की अठराव्या शतकातला चित्रकार बेलोत्तो याची चित्रे पाहून शहर पुन्हा उभारले. बाईंनी तीही सांगितली, पण चित्रकार खिडक्या-कमानी आपल्या मनाने बदलत असे आणि खरा आधार मोजणीच्या कागदांचा होता, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

सगळ्यांत मोलाचा भाग सेंट जॉन कॅथेड्रलपाशी आला. बाहेरच्या भिंतीत लोखंडी साखळपट्ट्याचा एक तुकडा बसवलेला आहे. उठावाच्या वेळी इमारतीचा काही भाग उडवणाऱ्या ‘गोलियाथ’ या चालत्या सुरुंगाचा तो असल्याचे पाटी सांगते. तुकडा इतका साधा आहे की कोणी दाखवल्याशिवाय नजरेत भरणार नाही. मग बाईंनी सांगितले की युद्धापूर्वी या कॅथेड्रलचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी धाटणीचा होता. झाख्वातोविच यांनी तो पुन्हा न उभारता मध्ययुगीन स्थानिक गॉथिक शैलीला अनुसरून नवा दर्शनी भाग रचला. म्हणजे जे नष्ट झाले ते नव्हे, जे असायला हवे होते ते बांधले गेले. बाजारचौकातही तेच दिसते. 22 जुलै 1953 रोजी खुल्या झालेल्या त्या रंगीत घरांच्या मागच्या अंगणांत दाटीवाटीने उभ्या असलेल्या जुन्या इमारती पुन्हा बांधल्याच नाहीत, म्हणून आतल्या घरांना उजेड मिळाला. युनेस्कोने 1980 मध्ये या वस्तीला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो जुनेपणासाठी नसून पुनर्बांधणीच्या कामासाठी. राजवाडा मात्र तोवर अपुराच होता. तो बांधण्याचा निर्णय 1971 चा आणि लोकांसाठी तो उघडला 1984 मध्ये.

आता तक्रारी. कानात घालायच्या यंत्रातून अर्धा वेळ नुसती खरखर ऐकू येत होती आणि बावीस जणांच्या घोळक्यात मागे राहिले की बाईंचा आवाजही पोहोचत नसे. गट बाराचा ठेवला तर हीच फेरी दुप्पट गुणाची होईल. चौकात ऐन दुपारी वीस मिनिटांची ‘मोकळी वेळ’ दिली, ती कॉफीच्या रांगेतच गेली.

खरी उणीव मात्र आशयाची आहे. वॉर्सासाठी व्रोत्सवाफसारख्या, युद्धानंतर पोलंडला मिळालेल्या शहरांतून विटा आणल्या गेल्या, आणि ऑक्टोबर 1945 च्या हुकुमाने शहरातली जमीन मालकांकडून काढून सार्वजनिक मालकीची झाली, ज्याचे वाद आजही मिटलेले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकेका वाक्यात येतात, आणि नाझींनी ज्यूंना जिथे कोंडले होते त्या वस्तीचा मुरानुव हा भाग तर मार्गातच नाही. जिथे माणसेच उरली नाहीत तिथे काय बांधले, हा प्रश्न गाळून केलेली पुनर्बांधणीची गोष्ट मला एकांगी वाटते.

मराठी वाचकांसाठी एक जाता जाता: वॉर्सातल्या मोंते कासिनो (दुसऱ्या महायुद्धातली इटलीतली लढाई) स्मारकाजवळ कोल्हापूरचेही स्मारक आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांच्या वतीने ते उभारलेले आहे. फेरीत ते नाही. आम्ही स्वतंत्र जाऊन आलो.

फेरी घ्यायची तर सकाळची घ्यावी, सपाट तळाचे बूट घालावेत (फरसबंदी खडबडीत आहे) आणि आरक्षण करतानाच गट किती जणांचा आहे ते विचारून घ्यावे. दुपारी ट्रामने स्वतःच मुरानुव गाठावे. तिथे वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी ज्यू वस्तीचा राडारोडा न उपसता त्याच ढिगाऱ्यांवर, त्याचाच चुरा मिसळलेल्या काँक्रीटने इमारती उभ्या केल्या. रस्त्यावरून दरवाजापर्यंत जाण्यासाठी सहा-सात पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या पायऱ्यांच्या बाजूच्या उतारावर गवत वाढलेले असते.