रेडमाइन: क्लायंटला लॉगिन देण्याआधी ती टिक बघा

इंदूरला विजयनगरमधे आमचं ९ जणांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे, रेडमाइन (प्रोजेक्टची कामं नोंदवून त्यांचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरून ३ वर्षं झाली. खरं कारण सांगू का, फुकट आहे म्हणून घेतलं. ओपन सोर्स, आपल्या सर्व्हरवर टाका, माणशी महिन्याला पैसे द्यायची भानगड नाही. पहिलं व्हर्जन २००६ चं, आणि दिसायला अजूनही थोडं त्याच काळातलं वाटतं, पण काम चोख. मला लिहायचंय ते परमिशनबद्दल, म्हणजे कुणाला काय दिसेल आणि काय करता येईल त्याबद्दल, कारण तिथेच आमची फजिती झाली.

झालं असं की अनंत चतुर्दशीची रात्र, ऑफिसातले सगळे झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघायला आलेले, मी राजवाड्याजवळ गर्दीत चेपलेला आणि आमच्या एका क्लायंटचा फोन, मसाल्याचा धंदा आहे त्यांचा, आम्ही काका म्हणतो. "काय रे, माझा फोन आला की दोन दिवस वाढवून सांगायचं असं ठरलंय का तुमचं?" ढोल इतके वाजत होते की मी आधी "हो काका" म्हणून मोकळा झालो! मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या आतल्या प्रोजेक्टमधे कुणीतरी गमतीत लिहिलेलं ते काकांनी वाचलं होतं.

चूक आमचीच. नवीन प्रोजेक्ट बनवताना 'पब्लिक'ची टिक आधीपासून लागलेली असते, ती आम्ही काढलीच नव्हती. पब्लिक म्हणजे त्या प्रोजेक्टचा मेंबर नसला तरी ज्याच्याकडे लॉगिन आहे तो आत डोकावू शकतो, आणि त्याला काय काय दिसणार ते 'नॉन मेंबर' नावाच्या रोलवरून ठरतं (रोल म्हणजे परमिशनचा एक गठ्ठा). लॉगिनच नसलेल्यांसाठी 'ॲनॉनिमस' वेगळा. हे दोन रोल डिलीट होत नाहीत, त्यामुळे लोक त्यांना शोभेचे समजतात आणि उघडून बघत नाहीत, आम्ही पण त्यातलेच. आता सेटिंगमधे जाऊन ती टिक कायमची बंद केलीये.

बाकी सिस्टिम मला आवडते, कारण रोल एकदा बनवायचा आणि माणसाला प्रत्येक प्रोजेक्टमधे वेगळा द्यायचा, म्हणजे एकीकडे मॅनेजर असलेला पोरगा दुसरीकडे साधा डेव्हलपर. एकाच माणसाला दोन रोल दिले तर दोन्हीकडच्या परमिशन मिळून मिळतात हे मात्र लक्षात ठेवा, कमी करायला म्हणून दुसरा रोल दिला तर काही कमी होत नाही. क्लायंटच्या रोलमधे इश्यू, म्हणजे नोंदवलेली कामं, दिसण्याचे ३ पर्याय आहेत: सगळे, प्रायव्हेट सोडून बाकीचे, किंवा फक्त स्वतः टाकलेले आणि स्वतःला दिलेले. आम्ही दुसरा ठेवलाय. आणि 'यूझर्स व्हिजिबिलिटी' पण बदला हं, नाहीतर काकांना आमच्या बाकीच्या क्लायंटची नावं पण दिसतील, मग बसा सांगत.

डोकं खाल्लं ते वर्कफ्लोने. क्लायंटसाठी नवीन रोल बनवला, सगळ्या टिका लावल्या तरी स्टेटस बदलेना. २ तास गेले माझे. परमिशन वेगळी आणि कुठल्या स्टेटसवरून कुठल्या स्टेटसला जाता येईल ते वेगळं, त्यालाच वर्कफ्लो म्हणतात, ते प्रत्येक रोल आणि ट्रॅकरला (म्हणजे इश्यूच्या प्रकाराला) भरावं लागतं. रोल बनवतानाच जुन्याचा वर्कफ्लो कॉपी करायचा पर्याय समोर होता, मीच वाचला नाही.

आणि तपासताना ॲडमिन लॉगिनने तपासू नका भिया, ॲडमिनला कुठलीच परमिशन अडवत नाही, त्याला सगळं छानच दिसणार. एक खोटा क्लायंट बनवून दुसऱ्या ब्राउझरमधे त्याच्या नावाने आत जा. आमच्याकडे ९ पैकी ५ जण ॲडमिन होते, आता २ आहेत, तिघं आठवडाभर रुसले होते.

नोकरी सोडून गेलेल्याला डिलीट करू नका, लॉक करा. लॉगिन बंद होतं आणि त्याच्या कामावर त्याचं नाव राहतं, डिलीट केलं तर सगळं ॲनॉनिमसच्या नावावर जमा होतं. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या वर्कफ्लोच्या २ तासांचा.