फेम: अर्धाच छेद काढा, पण लेबल विसरू नका

मालवणात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. होडीच्या इंजिनाचं डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (वीज दिली की आतला लोखंडी दांडा ओढणारी कॉइल) नव्याने बनवायचा होता, म्हणून डेव्हिड मीकर यांचं फेम (FEMM) हे चुंबकीय क्षेत्राचं गणित करणारं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं.

चित्र काढायची रीत मला फार आवडली. आधी बिंदू, मग रेषा, मग चाप. प्रत्येकाचं बटण वेगळं. माउसने अंदाजे ठोकू नका. टॅब दाबा आणि नेमके आकडे टाका, ११.५ मिमी म्हणजे ११.५च. सोलेनॉइड गोल, म्हणून अ‍ॅक्सिसिमेट्रिक निवडून अक्षाच्या उजवीकडचा अर्धाच छेद काढायचा. निवडायला उजवं क्लिक, गुणधर्म द्यायला स्पेसबार. दोन दिवसांत हात बसतो.

खरी मेख ब्लॉक लेबलची, म्हणजे कुठल्या भागात कोणता पदार्थ आहे हे सांगणाऱ्या खुणेची. प्रत्येक बंद भागात एक हवंच, हवेलासुद्धा! माझं तेच राहिलं आणि अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी मेशचं (चित्राचे बारीक त्रिकोण पाडणारं) बटण दाबल्यावर लेबल नसलेला भाग दिसला. कॉइलचे वेढेही लेबलातच भरायचे, वायरचे गेज लायब्ररीत तयार आहेत. बाहेरच्या सीमेसाठी ओपन बाउंड्रीचं बटण वापरा, पलीकडच्या अमर्याद हवेच्या जागी वर्तुळांचे थर तेच घालतं.

तांब्याची तार हातात घेण्याआधीच लोखंडात फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) कुठे दाटतो ते रंगांत दिसलं. प्लंजरभोवतीची (आत सरकणाऱ्या दांड्याभोवतीची) फट मी तेव्हाच अर्ध्या मिलिमीटरने कमी केली.