ड्रमचा स्मोकर की विटांचा? आधी जाळी ठरवा

घरी स्मोकर, म्हणजे मासे-मांस धुरावर शिजवायची भट्टी, करायचा ठरला की माणूस आधी ड्रम बघायला भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर गवंड्याला विटांचा अंदाज विचारतो. जाळीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. आमच्या कोकणातल्या घराच्या मागल्या अंगणात दोन्ही प्रकारचे स्मोकर आहेत, एक ड्रमचा आणि एक विटांचा. दोन्ही वापरून माझं मत उलट झालं आहे. जाळीवर काय ठेवणार आणि एका वेळी किती, हे आधी कागदावर मांडा. ड्रम की विटा, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बांगड्याचं गणित घ्या. मध्यम बांगडा साधारण २५ सेंटिमीटर लांब. दोन्ही बाजूंनी धूर फिरायला जागा सोडली तर एका बांगड्याला २०० चौरस सेंटिमीटर लागतात. २०० लिटरच्या ड्रमचा आतला व्यास ५७ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यात ५४ सेंटिमीटरची गोल जाळी सुखाने बसते. क्षेत्रफळ झालं जवळपास २,३०० चौरस सेंटिमीटर. गोलाच्या कडेला थोडी जागा वाया जाते, म्हणजे नऊ-दहा बांगडे. आता विटांचा स्मोकर. बाहेरून ९० सेंटिमीटरचा चौकोन आणि ११ सेंटिमीटर जाडीची भिंत धरली तर आत ६८ सेंटिमीटर उरतात. त्यात ६५ बाय ६५ ची चौकोनी जाळी, तिच्यावर वीस बांगडे, आणि अशा तीन जाळ्या एकावर एक. नऊ की साठ, हा खरा फरक आहे. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागतील.

जाळी कशाची?

बाजारात तयार गोल जाळ्या मिळतात, पण ड्रमच्या मापाची आणि वजन पेलणारी क्वचितच. करून घेणंच बरं. फॅब्रिकेटर तुमच्यापुढे चार पर्याय ठेवील.

जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त आणि चकचकीत असते. ती नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं. स्मोकरमधली हवा इतकी तापत नाही हे खरं, पण निखाऱ्याची ज्वाळा जाळीला लागली तर तिथे तापते. शिवाय मीठ, लिंबू, कोकमाचं आगळ लावलेला मासा जस्तावर ठेवला तर आंबटपणाने ते विरघळून माशात उतरतं, त्याला फार उष्णताही लागत नाही. जुन्या फ्रिजची जाळीसुद्धा वापरू नका. तिचा मुलामा कशाचा आहे ते कळत नाही आणि तापल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात.

एक्स्पांडेड मेटल, म्हणजे पत्र्याला चिरा देऊन ताणलेली जाळी, कोळशाच्या टोपलीला उत्तम. माशाला वाईट, कारण तिच्या धारदार कडांवर बांगड्याची कातडी फाटते आणि घासताना हात कापतो.

उरले दोन खरे पर्याय: साध्या लोखंडाच्या सळ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या. साधं लोखंड म्हणजे फॅब्रिकेटरच्या भाषेत एमएस. ते बिडाच्या तव्यासारखं सांभाळलं, प्रत्येक वेळी तापवून तेलाचा हात फिरवला, तर काळं कुळकुळीत होतं आणि त्याला मासा चिकटत नाही. देशावर राहत असाल, कोल्हापूर-नगरकडे, तर मी एमएसच सुचवीन. कोकणात मात्र एका पावसाळ्यात ते गंजतं. खाऱ्या हवेला तेलाचा हात पुरत नाही.

स्टेनलेसमध्ये ‘३०४’ या प्रतीचं मागा, आणि दिलेलं ३०४ आहे ना, याची खात्री करून घ्या. माझी पहिली जाळी एका कारखानदाराने ३०४ म्हणून दिली. गणपतीपर्यंत तिच्यावर तांबूस ठिपके आले. ती २०२ ची, म्हणजे हलक्या प्रतीची निघाली. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक चिकटत नाही. स्टीलच्या मोठ्या दुकानांत थेंब टाकून तपासायचं द्रावण असतं, ते आपल्यासमोर टाकायला सांगा. आणि जोड आर्गॉन वेल्डिंगने ३०८ नंबरच्या तारेने करून घ्या. साध्या रॉडने केलेला जोड गंजतो, सळी शाबूत राहते आणि सांधा सुटतो.

माप असं द्या: बाहेरची रिंग ८ मिलिमीटरच्या सळीची, आतल्या सळ्या ६ मिलिमीटरच्या, दोन सळ्यांत १२ मिलिमीटर मोकळी जागा, आणि खालून ८ मिलिमीटरच्या दोन आडव्या सळ्या आधाराला. ५४ सेंटिमीटरच्या जाळीला आत सुमारे ३० सळ्या बसतात. त्यांची एकूण लांबी सव्वाबारा मीटरच्या आसपास, वजन पावणेतीन किलो. रिंग आणि आधार धरून सगळी जाळी पावणेचार-चार किलोची. फॅब्रिकेटर किलोच्या भावाने बोलतो, त्यामुळे हा हिशेब घरूनच करून जा. १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवली तर शिजलेला बांगडा मधोमध वाकतो आणि उचलताना तुटतो. मांदेलीसाठी वरून वेगळी बारीक जाळी टाकावी, मूळ जाळी तिच्यासाठी बारीक करू नये.

स्टील तापून वाढतं याची काहींना धास्ती असते. ५४ सेंटिमीटरची जाळी दीडशे अंशांनी तापली तरी व्यासात दीड मिलिमीटरच्या आत वाढते. ड्रमला पोचा असतो, त्याचीच जास्त काळजी करा. म्हणून कडेला चारी बाजूंनी एक-दीड सेंटिमीटर मोकळं सोडायचं.

ड्रम

ड्रम घेताना त्यात आधी काय होतं, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. रसायन, रंग, थिनर, इंजिन ऑइल यांचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. तसल्या बंद ड्रमला ग्राइंडर लावला तर आतल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं दगावतात. कोकणात एक चांगली सोय आहे. आंब्याचा पल्प ज्या लोखंडी ड्रमांत भरून जातो, त्यात पल्प पिशवीत असतो, पत्र्याला लागत नाही, आणि ड्रमचं झाकण पूर्ण निघतं. यातले बरेच ड्रम खाली किंचित निमुळते असतात. म्हणून जाळीचं माप तोंडाशी न घेता, जाळी ज्या उंचीवर बसणार तिथे घ्या. आतला मुलामा आणि बाहेरचा रंग मोकळ्या जागेत लाकडांचा मोठा जाळ करून पूर्ण जाळून टाका, मग तारेच्या ब्रशने घासा. त्या धुराजवळ उभं राहू नका.

रचना सोपी आहे. तळापासून ५ सेंटिमीटरवर २० मिलिमीटरची तीन भोकं, एकाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे हवा कमी-जास्त करायची तोटी, दोनांना बुचं. झाकणाला १२ मिलिमीटरची आठ भोकं. तळाशी ३८ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर उंचीची कोळशाची टोपली पायांवर. तोंडापासून १८ सेंटिमीटर खाली चार बोल्ट आणि त्यांवर जाळी. टोपलीच्या काठापासून जाळीपर्यंत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे. कमी राहिलं तर धुरी न बसता मासा भाजला जातो.

ड्रमचा मोठा गुण म्हणजे तो अर्ध्या तासात तयार होतो आणि व्हॉल्व्हचं ऐकतो. चार किलो लोणारी कोळशात ११० अंशांवर सहा-आठ तास सहज निघतात. दगडी कोळसा मात्र अन्नाखाली कधीही नको. दोष असा की पत्रा पातळ, वारा लागला की ताप पडतो. आणि आग थेट जाळीखाली असते. डुकराच्या मांसाची चरबी निखाऱ्यावर गळली की भडका उठतो आणि कडवट काजळी वर बसते. मधेच लाकडाचा तुकडा टाकायचा तर अख्खी जाळी माशांसकट उचलावी लागते. यावर उपाय जाळीतच आहे: गोलाचा पाव भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्या. तो उचलायचा, चिमट्याने लाकूड सोडायचं, बंद करायचा. बाजारच्या जाळीत ही सोय नसते, करून घेतलेल्या जाळीचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

विटा

वर सांगितलेल्या मापाचा, सव्वा मीटर उंचीचा स्मोकर बांधायला शेजारच्या आगटीसकट दोनशेच्या आसपास विटा लागतात, म्हणजे सुमारे सहाशे किलो वजन. रिकामा ड्रम वीस किलोचा. विटा तेवढ्याच अंशांपर्यंत तापवायला ड्रमच्या जवळजवळ पन्नासपट उष्णता लागते. पहिला तास-दीड तास आणि आठ-दहा किलो लाकूड नुसतं भिंतीच पितात. पण एकदा तापल्या की मग वारा येवो, दार उघडा, त्या हलत नाहीत. चार तास लागणाऱ्या कोंबडीला किंवा डुकराच्या मांसाला ही स्थिरता फार मोलाची. आग बाजूच्या आगटीत असल्यामुळे आत फक्त धूर आणि ऊब येते, भडक्याचा प्रश्नच मिटतो.

जाळीही इथे सोपी होते. चौकोनी, सगळ्या सळ्या एका लांबीच्या, रिंग वाकवायला नको. विटांच्या सांध्यात दर २० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचे अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या, बसवले की जाळ्या ड्रॉवरसारख्या सरकतात. भिंतीला चिरा पडू नयेत म्हणून अँगलच्या टोकाला विटेत थोडी मोकळीक ठेवायला गवंड्याला आधीच सांगा.

सिमेंटचा माल आगीजवळ तडकतो. आगटीला फायर ब्रिक आणि फायर क्ले, म्हणजे आगीला टिकणारी वीट आणि माती, वरच्या भागाला माती-वाळूचा माल चालतो. नदीतले गोटे आगीत घालू नका, आत मुरलेल्या पाण्याने ते फुटून उडतात. वर छप्पर हवंच. पावसाळा संपल्यावर विटा ओल्या असतात, तेव्हा पहिले दोन दिवस नुसता मंद जाळ करून वाळवाव्या लागतात. भाड्याच्या घरात किंवा गच्चीवर हा प्रकार होणार नाही. सहाशे किलो गच्चीवर चढवण्याआधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारायला हवं.

या दोन्ही पद्धती जुन्या आहेत. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथला हॅडॉक मासे जोडीजोडीने बांधून जमिनीत पुरलेल्या पिंपावर धुरी देतात, त्याला २००४ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. तो आपल्या ड्रमचा पूर्वजच. टेक्सासमधल्या लॉकहार्टला जर्मन खाटकांच्या दुकानांतून विटांच्या लांबट भट्ट्या आल्या. दिवसभर येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्या बांधलेल्या होत्या, त्यांचा आकार तिथून ठरला. गोव्यात चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा चुलीवर टांगल्या जात, त्यांना जाळी लागतच नसे. तुम्ही मुख्यतः चोरिस करणार असाल तर जाळीऐवजी आडव्या सळ्या आणि उंच खोली हवी, म्हणजे विटाच.

जुन्या लोखंडी कपाटाचा स्मोकर पुष्कळांना सुचतो. टांगायला जागा छान मिळते, पण भाजून लावलेला रंग पूर्ण काढणं जिकिरीचं आणि पत्रा ड्रमहून पातळ. मातीच्या मोठ्या कुंडीवर दुसरी कुंडी उपडी घालून केलेला छोटा स्मोकर दोन माणसांच्या घराला ठीक, एका हंगामात तडकेल हे धरून चालायचं.

लाकूड आणि मासा

लाकूड दोघांनाही तेच. आमच्याकडे पेरू आणि आंबा, साल काढून निदान सहा महिने वाळवलेला. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर मासा कडू करतो. निळसर, जेमतेम दिसणारा धूर आला की मग मासा आत घाला. कण्हेर आणि बिब्बा यांची काटकीही नको, त्यांचा धूर विषारी. प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूडही नको.

बांगडा लिटरला ७५ ग्रॅम मीठ घातलेल्या गार पाण्यात तासभर ठेवून, पुसून, पंख्याखाली सुकवायचा. वर हाताला चिकट लागेल असा पापुद्रा धरला की धुरी नीट बसते. कोकणच्या दमट हवेत पंख्याशिवाय हे होत नाही. मग १०० ते ११० अंशांवर दीडेक तास, माशाच्या गाभ्यात ६३ अंश भरेपर्यंत. कोंबडीला ७४. थर्मामीटरची काडी जाळीच्या पातळीवर हवी, झाकणावरचा काटा वेगळंच सांगतो. बांगडा बर्फातून आलेला आणि ताजाच हवा. उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात जे हिस्टामाइन तयार होतं ते धुराने आणि शिजवण्याने जात नाही, खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे उठतात आणि डोकं ठणकतं. ३० अंशांच्या आतली थंड धुरी घरी करूच नये. आपल्या हवेत ते तापमान टिकवणं अवघड, आणि कच्च्या माशात विषारी जंतू वाढायला वाव मिळतो.

आता तो नऊ आणि साठचा आकडा. असा गरम धुरीचा बांगडा टिकाऊ नाही. लक्षद्वीपचा मासमीन महिनोन्‌महिने टिकतो, कारण तो ट्यूना उकडून, धुरी देऊन, उन्हात कडकडीत वाळवतात. आपला बांगडा आतून ओलसर असतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. हवाबंद पिशवीत घालून बाहेर ठेवणं तर धोक्याचं. म्हणजे तुम्हाला लागणारी जाळी घरात चार दिवसांत जेवढं संपेल तेवढीच. चौघांच्या घराला नऊ-दहा बांगडे झाले. तुमचं उत्तर ड्रम आहे, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ड्रमवर वाचवा, जाळीवर नको. विटा बांधाव्यात त्या ज्याच्याकडे सणावाराला तीस-चाळीस पानं उठतात, ज्याचं घरगुती खाणावळीचं काम आहे, किंवा ज्याला मासा कमी आणि तासन्‌तास लागणारं मांस जास्त करायचं आहे, अशा माणसाने. जागा स्वतःची हवी, लाकूड वाडीतलं हवं.

अजूनही निर्णय होत नसेल तर ड्रमही आणू नका आणि विटाही. आधी जाळी करून घ्या. ती अंगणात चार विटांवर ठेवा, बाजारातून नेहमीएवढे बांगडे आणा आणि बोटभर अंतर सोडून तिच्यावर मांडून बघा.