'आय.ई.' की 'ई.जी.'?

इंग्रजी लिहिताना ही दोन लॅटिन संक्षिप्त रूपं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि अर्थ पार बदलतो. 'आय.ई.' म्हणजे 'इद एस्ट', आपलं 'म्हणजेच'. 'ई.जी.' म्हणजे 'एक्झेम्प्ली ग्राटिया', आपलं 'उदाहरणार्थ'.

नियमावलीत 'ओळखपत्र, ई.जी. पासपोर्ट' असं असेल, तर वाहन परवानाही चालू शकतो. तिथेच 'आय.ई. पासपोर्ट' लिहिलं, की बाकी सगळी ओळखपत्रं बाद! म्हणूनच नको तिथे 'आय.ई.' लिहिणं मला जास्त गंभीर वाटतं.

'ई.जी.'ने सुरू झालेल्या यादीला शेवटी 'एटसेट्रा' जोडू नये. ही फक्त उदाहरणं आहेत, हे आधीच सांगून झालेलं असतं. 'आय.ई.' आणि 'ई.जी.' यांच्या पुढे स्वल्पविराम अमेरिकी लेखनात देतात, ब्रिटिश लेखनात बहुधा नाही.