लहान डिक्कीत मापाचा पोर्टेड बॉक्स : दारव्ह्याकडील एका फर्निचर कारखान्याचे काम

गाडीत सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवून देणारी दुकाने आता यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावीही झाली आहेत. तिथे मिळतो तो मात्र बहुधा बाहेरून आलेला तयार बॉक्स असतो, आणि त्यात किती लिटर हवा मावते किंवा तो किती हर्ट्‌झला ट्यून केला आहे, म्हणजे कोणत्या कंपनाला घुमतो, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. २०१८ साली आलेल्या स्विफ्टची डिक्की २६८ लिटरची आहे. शेतकऱ्याच्या घरच्या गाडीत तेवढ्याच जागेत खताची पिशवी, फवारणीचा पंप आणि आठवडी बाजाराचे सामानही न्यावे लागते, त्यामुळे कोणताही मोठा बॉक्स आणून ठेवून देणे मला परवडणारे नव्हते. म्हणून दारव्हा-दिग्रस रस्त्यावरील एका फर्निचर कारखान्यात दहा इंची सबवूफरसाठी पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवेच्या ये-जेसाठी पाईप (पोर्ट) बसवलेला बॉक्स, मापाप्रमाणे करून घेतला. हे परीक्षण त्या कामाचे आहे.

या कारखान्याची पहिली चांगली गोष्ट अशी की, मिस्त्रींनी किंमत सांगण्याआधी डिक्कीचे माप घेतले आणि सबवूफरच्या खोक्यातला कागद मागून घेतला. त्या कागदावरचे एफएस (स्पीकरचे स्वतःचे कंपन), क्यूटीएस (ते कंपन किती आवरले जाते) आणि व्हीएएस (पडद्याइतकीच लवचीक हवा किती लिटर) हे आकडे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या निबंधावर आणि पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी केलेल्या कामावर आधारलेले असतात, आणि त्यांच्याशिवाय पोर्टेड बॉक्सचे गणित मांडताच येत नाही. मिस्त्रींचा पुतण्या हे आकडे विनआयएसडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरून उत्तर काढतो. त्यावरून आतली निव्वळ हवा ३५ लिटर आणि ट्यूनिंग ३५ हर्ट्‌झ असे ठरले.

बॉक्स आणखी लहान करता येईल का, असे मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “भाऊ, डबा लहान केला तं पाईप लांब होईन, अन् पाईप लांब झाला तं तो ठेवसान कुठी?” लहान गाडीतला सगळा पेच या एका वाक्यात आलेला आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जसा एकच सूर निघतो, तशीच पोर्टेड बॉक्समधली हवा एका ठरावीक कंपनाला घुमते; आतली हवा स्प्रिंगचे काम करते आणि पोर्टमधली हवा वजनाचे. बॉक्स लहान केला की स्प्रिंग ताठ होते आणि सूर वर चढतो, तो पुन्हा खाली आणायचा तर पोर्टमधल्या हवेचे वजन वाढवावे लागते, म्हणजेच पोर्ट लांब करावा लागतो. आतून १० सेंमी व्यासाचा गोल पोर्ट धरला, तर ३५ लिटरच्या बॉक्सला ३५ हर्ट्‌झसाठी सुमारे ४८ सेंमी लांबी लागते. हाच बॉक्स २५ लिटरचा केला की लांबी ७० सेंमीच्या जवळ जाते, आणि एवढा पाईप त्या बॉक्समध्ये सरळ बसतच नाही. पाईप बारीक करून ही अडचण सुटल्यासारखी वाटते खरी, कारण साडेसात सेंमी व्यासाला ३५ लिटरमध्ये २५ सेंमी लांबीही पुरते. पण मग तेवढ्या तोंडातून हवा फार वेगाने ये-जा करते आणि प्रत्येक ठोक्याला फस् फस् असा आवाज येतो. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आसपास राहिला तर हा त्रास सहसा होत नाही. तयार बॉक्समध्ये नेमकी याच ठिकाणी काटकसर केलेली असते, असे माझे मत आहे.

निव्वळ हवा ३५ लिटर ठरल्यानंतर आत बसणाऱ्या प्रत्येक वस्तूची जागा तीत मिळवावी लागते, आणि बहुतेक कारागीर ही बेरीज करत नाहीत. येथे पाईपचे बाहेरून साडेचार लिटर, सबवूफरच्या मागच्या भागाचे दोन लिटर आणि आतल्या आडव्या पट्टीचे एक लिटर धरून एकूण साडेबेचाळीस लिटर आकार काढला गेला. मागच्या सीटची पाठ तिरकी असल्यामुळे बॉक्सही वर निमुळता ठेवला : आतून ६० सेंमी लांब, ३२ सेंमी उंच, खाली २६ आणि वर १८ सेंमी खोल. या उतारामुळे सीटमागची एरवी वाया जाणारी तिकोनी जागा कामी आली आणि तळाच्या रुंद भागात पाईप आडवा निजवता आला. सबवूफरच्या चुंबकाला तो कुठेही टेकत नाही. १८ मिमी जाडीच्या फळ्या धरून बॉक्सचे बाहेरचे आकारमान ५८ लिटरच्या घरात जाते. ३५ लिटर हवेसाठी डिक्कीतील ५८ लिटर जागा द्यावी लागते, हा हिशेब काम सांगण्यापूर्वीच कागदावर मिळाला, याचे मला विशेष मोल वाटते.

पोर्टसाठी मिस्त्रींनी विहिरीच्या मोटारीला लावतात तोच ११० मिमीचा, १० किलो दाबाचा पीव्हीसी पाईप वापरला. त्याची भिंत जाड असते आणि आतला व्यास १० सेंमीच्या जवळपास भरतो. फळीची भिंत घालून चपटा पोर्ट करता आला असता आणि तो दिसायलाही देखणा असतो, पण तेवढ्याच कामासाठी तो फळीसकट अधिक जागा खातो, त्यामुळे लहान डिक्कीत गोल पाईपच योग्य. मला सर्वांत आवडले ते पाईपच्या तोंडाचे काम. शेतात दोन पाईप जोडताना एकाचे तोंड तापवून फुगवतात, त्याच रीतीने त्यांनी पाईपचे तोंड मंद आचेवर फिरवत नरम केले आणि लाकडी साच्यावर दाबून त्याची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवली. धारदार कडेवर हवेचे भोवरे होतात आणि आवाज फुटतो. गोल कडेवरून हवा सरळ निघते. बोट फिरवले तर कुठेही खाच लागत नाही. आतले टोकही तसेच वळवलेले असून ते समोरच्या भिंतीपासून पाईपच्या व्यासाहून अधिक दूर ठेवले आहे.

लाकडाच्या बाबतीत सागवान वापरावे असा माझ्या घरच्यांचा आग्रह होता. आलापल्लीच्या सागाची ख्याती विदर्भात कोणाला सांगावी लागत नाही, परंतु या कामाला भरीव लाकूड चालत नाही, हे मिस्त्रींनी समजावून सांगितले. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद गाडीत लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि सांध्यांतून हवा गळू लागते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सपाट आणि जड असल्याने आवाजाला उत्तम, पण ओल्या पोत्याखाली त्याची कड फुगते. म्हणून पाण्यात टिकणारा १८ मिमीचा प्लाय घेतला, सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू लावले, आणि आतून प्रत्येक कोपरा भुसा कालवलेल्या फेव्हिकॉलने भरला. समोरची आणि मागची फळी आडव्या पट्टीने जोडल्यामुळे मोठ्या आवाजातही फळ्या थरथरत नाहीत.

बॉक्स ताब्यात घेण्यापूर्वी मोबाइलवरून एकसुरी आवाज वाजवून त्याची परीक्षा घेतली, आणि प्रत्येक ग्राहकाने ती घ्यावी. पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या कंपनाला सबवूफरचा पडदा सर्वांत कमी हलतो आणि आवाजाचे काम पोर्ट करतो. ५० हर्ट्‌झवरून सूर हळूहळू खाली आणला, तेव्हा ३५ च्या जरा खाली पडदा जवळजवळ स्थिर झाला, आणि पोर्टपुढे धरलेला कापसाचा पेळू मात्र जोराने फडफडत होता. गणित आणि काम जुळल्याची याहून स्वच्छ खूण नाही. नंतर उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवली. सगळीकडे धूर सरळ वर गेला, पण मागे वायर जोडण्यासाठी बसवलेल्या वाटीपाशी तो थरथरला. तिथे फोमची पट्टी घातलेलीच नव्हती. मिस्त्रींनी वाटी उघडून ती लगेच घातली, तरी ही तपासणी कारखान्यानेच करायला हवी होती.

खरी तक्रार आहे ती वायरिंगची. सुतारकामात दिसलेली काळजी तिथे दिसली नाही. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरचा फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ लावला होता. तो बॅटरीपासून साधारण ४५ सेंमीच्या आत असावा लागतो, कारण वाटेत वायर सोलून बॉडीला लागली तर आग तिथेच लागते. ॲम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) बंद होता आणि बेस बूस्ट (बेस वाढवणारे बटण) पूर्ण चढवलेला होता. ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड बॉक्समधली हवा पडद्याला आवर घालत नाही, त्यामुळे ३५ हर्ट्‌झच्या बॉक्सला ३० च्या आसपास सबसॉनिक फिल्टर लावणे अत्यावश्यक आहे, नाहीतर एखाद्या खोल आवाजाला सबवूफर फाटू शकतो. सांगितल्यावर या सर्व गोष्टी त्यांनी दुरुस्त करून दिल्या, पण न सांगणाऱ्या ग्राहकाची गाडी तशीच गेली असती.

आवाजाविषयी मी पूर्ण समाधानी आहे. ४५-५० हर्ट्‌झला ट्यून केलेल्या तयार बॉक्सचा धडाका मोठा वाटतो, पण त्यात प्रत्येक गाण्याचा बेस एकाच सुरात घुमतो. या बॉक्समध्ये ढोलाचा घुमारा आणि ढोलकीची थाप वेगवेगळी ऐकू येते, आणि खंजिरी भजन लावले की बेस मध्ये लुडबुड करत नाही, गाणाऱ्याचे शब्द मोकळे राहतात. लहान गाडीच्या बंद जागेत खालचा बेस आपोआप उचलला जातो, त्याचाही लाभ मिळतो.

स्टेपनी डिक्कीच्या तळाखाली असल्याने बॉक्स दोन बोल्टवर बसवला आहे. विंग नट हाताने सैल करून आणि कनेक्टर ओढून तो पान्याशिवाय बाहेर काढता येतो, आमच्याकडच्या रस्त्यांवर हे फार महत्त्वाचे आहे. साहित्य आणि मजुरी मिळून ५,२०० रुपये लागले. तयार बॉक्सपेक्षा हे अधिक आहेत, पण कामाच्या मानाने रास्त आहेत. लग्नसराईत फर्निचरची कामे आधी होतात आणि बॉक्स मागे पडतो, तेव्हा घाई असलेल्यांनी ते दिवस टाळावेत. २५ लिटरही जागा देता येत नसेल त्यांना मिस्त्री स्वतःच बंद (पोर्ट नसलेला) बॉक्स सुचवतात, आणि तो सल्ला बरोबर आहे. बॉक्स येथून जरूर करून घ्यावा. वायरिंग मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करावे, किंवा येथेच करायचे असेल तर फ्यूजची जागा आणि सबसॉनिक फिल्टर स्वतः उभे राहून पाहून घ्यावे.