२६ जूनचं व्याख्यान की वर्गातल्या तासिका?

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघात मी तीन वर्षं आहे. व्यसनाबद्दल मुलांशी बोलण्याचे दोन्ही प्रकार आम्ही करून पाहिले. दोन वर्षं २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला सभागृहात व्याख्यान ठेवलं, तिसऱ्या वर्षी आठवी-नववीला समुपदेशक बाईंच्या सहा तासिका.

व्याख्यान सोपं पडतं. अर्ध्या दिवसात अख्खी शाळा उरकते आणि कायदा तिथे ठसतो. मुलांना दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे खाकी वर्दीतल्या माणसाने सांगितलं तेव्हा मागच्या रांगाही गप्प झाल्या.

पण दुसऱ्या वर्षी आम्ही प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. वक्त्यांना पुढच्या शाळेत जायचं होतं, खोका तसाच राहिला. संध्याकाळी खुर्च्या आवरताना मी तो उघडला. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या, पेन्सिलीचं अक्षर: 'पप्पा काजूच्या दिवसांत रोज उर्राक घेतात. लिम्का घालून मलापण दिला. मी व्यसनी झालो का?' उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. चिठ्ठीखाली नाव नव्हतं. त्या पोराला उत्तर कोण देणार? ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

तासिकांत हा प्रश्न परत आला, यायचाच होता. बाईंनी कोणाच्या घराला नावं ठेवली नाहीत. उर्राक पहिल्या धारेचा, फेणी त्यानंतरची, फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळं मान्य करून त्या म्हणाल्या, दारू ती दारूच, आणि वाढत्या अंगाला ती जास्त बाधते. मग जेवणावळीत मामाने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, ते प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. राहिलेले प्रश्न पुढच्या मंगळवारी.

तासिकांची अडचणही आहे. गणिताचे तास जातात, शिक्षक कुरकुरतात, चांगल्या समुपदेशक सहज मिळत नाहीत. शिवाय कुठल्या प्रकाराने किती मुलं सावरली, हे मला मोजून सांगता येणार नाही. तुमच्या शाळेचं गणित वेगळं असू शकतं.

तरी दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर मी तासिकाच मागेन. गोव्यात २०२५ पासून सहावीपासूनचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलेत. पहिल्या दोन तासिका तेव्हाच घ्या, जूनची वाट पाहू नका. घरात उर्राकाची बाटली तेव्हाच असते.