पिकअपला 31 इंची टायर आणि नंतर क्राऊन-पिनियन बदलून आठ-नऊ महिने झाले, कसं वाटतंय ते लिहितोय

क्राऊन-पिनियन म्हणजे ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, इंजिनचा जोर तिच्यातूनच चाकांना जातो. गाडी जुनी डबल केबिन डिझेल पिकअप, फोर बाय फोर. पुण्यात धायरीहून वेल्ह्याला शेतावर सारखं जाणं-येणं असतं आणि भात झोडून झाला की मागे पोती भरून परत. मूळचे 215/75 आर 15 टायर काढून 31 बाय 10.5 आर 15 टाकले, चिखलात ग्रिप मस्त मिळाली, पण वाटेतल्या पाबे घाटात गाडी ओढेचना. जिथे तिसऱ्यावर निवांत चढायची तिथे दुसरा टाकावा लागायचा, दुसऱ्यावर इंजिन ओरडतंय आणि तिसऱ्यावर दम टाकतंय, आणि लोड असताना चढावर उठवली की क्लचचा वास.

जुना टायर साधारण 703 मिमीचा, नवा 787 चा, म्हणजे 12 टक्के मोठा. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि रस्त्यावर मिळणारा जोर त्याच हिशोबाने कमी होतो, वर टायरचं वजन वाढतं ते वेगळंच. माझा रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) होता 4.27, म्हणजे क्राऊनला 47 दात, पिनियनला 11. गेलेला जोर परत मिळवायला रेशो तेवढाच वाढवायचा, त्याला 1.12 ने गुणलं की 4.78 येतं, त्याच्या जवळचा सेट 4.88 चा, 39 आणि 8 दातांचा, तोच घेतला. 5.38 घे म्हणणारे बरेच भेटले, पण 31 इंचाला ते जास्तच होतं, हायवेला इंजिन उगाच फिरत राहणार. 80 च्या स्पीडला डायरेक्ट गिअरमध्ये (गिअरबॉक्स इंजिनचे फेरे जसेच्या तसे पुढे देतो तो गिअर) मूळ गाडीचे साधारण 2575 आरपीएम, मोठ्या टायरवर ते 2300 ला उतरले होते, आता 2630 च्या आसपास.

फोर बाय फोर असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमधले सेट बदलायचेच, खर्च डबल होतो पण इलाज नाही. रेशो वेगळे ठेवून फोर व्हील लावलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरायला बघतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारा डबा) आणि प्रोपेलर शाफ्टवर (तिथून ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) येतो.

पार्टपेक्षा फिटिंग महत्त्वाचं आहे हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पहिल्या गॅरेजने बसवून दिलं आणि ॲक्सिलरेटर सोडला की पन्नास-साठच्या स्पीडला मागून हूंऽऽ असा आवाज. भोसरीत दुसऱ्या मिस्त्रींकडे उघडलं, त्यांनी दातांना पिवळा रंग लावला, हाताने फिरवलं आणि दाखवलं, रंग दाताच्या मधून पुसला जायला हवा तर तो बाहेरच्या कडेलाच पुसलेला. मग शिम (गिअर पुढे-मागे सरकवायच्या पातळ चकत्या) काढ, परत बसव, परत रंग, असं त्यांचं संध्याकाळपर्यंत चाललं, शेवटी ठसा मधोमध आला तेव्हा डायल गेज लावून बॅकलॅशही, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक, दाखवला, 0.2 मिमी. एवढ्या शांतपणे काम करणारा माणूस मिळाला तर मजुरीत घासाघीस करू नका. त्यानंतर आवाज नाही. सुरुवातीला वीसेक मिनिटं चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, पहिले 800 किलोमीटर लोड नाही, मग ॲक्सलचं गिअर ऑईल बदलायचं, जीएल-5 ग्रेडचंच. बदलताना जुन्या ऑईलमध्ये बारीक चकाकी दिसली, तेवढी येतेच.

आता पोती भरलेली असली तरी पाबे घाट बराचसा तिसऱ्यावर होतो, क्लचचा वास गेला. खरा आनंद उतारावर, दुसऱ्यात टाकून पाय काढला की इंजिन गाडी धरून ठेवतं, मधे नुसते मोठे टायर होते तेव्हा ती सैल सुटल्यासारखी धावायची. स्पीडोमीटरही ताळ्यावर आला, माझा काटा ट्रान्सफर केसवरून केबलने चालतो म्हणून, मोठ्या टायरवर 60 दाखवताना गाडी खरी 67 ने जात होती. नव्या गाड्यांमध्ये स्पीड चाकावरच्या सेन्सरवरून घेतात, तिथे रेशो बदलून काटा सुधारत नाही, वेगळं कॅलिब्रेशन लागतं. ॲव्हरेज शहरात थोडं सुधारलं, सातारा रोडला काही फरक नाही. ब्रेकिंग मात्र होतं तिथेच आहे, जड टायर थांबवायला अंतर जास्त लागतं आणि त्याला गिअर काही करू शकत नाहीत.

आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे टायर साइज वाढवायच्या आधीच आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या. फक्त 235/75 वर जायचं असेल तर फरक जेमतेम 4 टक्के पडतो, तेवढ्यासाठी ॲक्सल उघडू नका, ते पैसे ब्रेकवर घाला.